एकच प्रकल्प, तीन विद्याशाखा: यातला कोणता डेटा खुला करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई मराठवाड्यातल्या काही गावांत विहिरींच्या पाण्यावर पीएचडी करतात. प्रकल्पात तीन गोष्टी एकत्र आहेत: विहिरी आणि बोअरच्या पाणीपातळीच्या नोंदी, शेतातल्या मातीतल्या सूक्ष्मजीवांचं सिक्वेन्सिंग (म्हणजे डीएनएचा क्रम वाचणं), आणि पाणीवाटपाबद्दल शेतकऱ्यांच्या मुलाखती. जर्नलने पेपर छापण्याआधी डेटा खुला करायला सांगितलंय. सूक्ष्मजीवशास्त्राचे सर म्हणतात, सगळं टाकून दे. समाजशास्त्राच्या मॅडम म्हणतात, एक ओळही बाहेर जाता कामा नये. भूजलाचे सर म्हणतात, दोन वर्षं थांब. यातलं कोणाचं ऐकायचं?

तिघांचंही ऐका, पण ज्याचं त्याच्या फाइलपुरतं. मी बरीच वर्षं वेगवेगळ्या विभागांतल्या संशोधकांचा डेटा लावून देणं, रिपॉझिटरीत, म्हणजे डेटा जपणाऱ्या ऑनलाइन साठ्यात, चढवणं हेच काम करतो, आणि असे वाद बहुतेक वेळा एकाच कारणाने अडून बसलेले दिसतात. सगळे ‘आमचा डेटा’ असं एकवचनात बोलत असतात. तुमच्याकडे प्रकल्प एक आहे, पण डेटासेट किमान तीन आहेत आणि चौथा लपलेला आहे, त्याच्याकडे नंतर येतो. प्रत्येकाला वेगळं उत्तर लागू होतं. ‘खुला की बंद’ असा एकच निर्णय सगळ्यांवर लादलात, तर कुठल्या तरी एका शाखेवर अन्याय होणारच.

आधी एक गोष्ट मनात घ्या: तिन्ही गाइड हट्टीपणा करत नाहीयेत, आपापल्या शाखेने जे शिकवलं तेच सांगताहेत. जीवशास्त्रात खुल्या डेटाने काय घडतं हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. प्रथिनांच्या रचनांची प्रोटीन डेटा बँक 1971 मध्ये अवघ्या सात रचनांवर सुरू झाली. आज तिथे दोन लाखांहून जास्त आहेत. त्या साठ्यावर शिकूनच अल्फाफोल्ड हा प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणारा एआय प्रोग्रॅम उभा राहिला आणि 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलपर्यंत गोष्ट पोचली. मानवी जीनोमवर काम करणाऱ्या गटांनी 1996 साली बर्म्युडात ठरवलं, की सिक्वेन्स जुळवून झाला की 24 तासांत जाहीर करायचा. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला ‘टाकून दे’ यात धोका दिसत नाही, आणि मातीतल्या जिवाणूंच्या बाबतीत तो फारसा नसतोही.

भूजलाच्या सरांचं ‘दोन वर्षं थांब’ हेही विचित्र नाही. खगोलशास्त्रात ही रीत उघडपणे पाळली जाते. ज्याने निरीक्षणाचा प्रस्ताव दिला त्याच्यासाठी डेटा काही काळ राखून ठेवतात, मग तो सगळ्यांना खुला होतो. जेम्स वेब दुर्बिणीवर सर्वसाधारण प्रस्तावांसाठी ही मुदत 12 महिन्यांपर्यंत असते. उन्हातान्हात टेप घेऊन विहिरींवर फिरलेल्या माणसाने आपले पेपर आधी निघावेत असं म्हणणं रास्त आहे. फक्त मुदतीला तारीख हवी. ‘योग्य वेळी देऊ’ ही तारीख होत नाही.

आणि मॅडम. समाजशास्त्रवाले म्हणजे डेटा दाबून बसणारे, असा एक समज विज्ञान विभागांत असतो. तो चूक आहे. सामाजिक सर्वेक्षणांचा डेटा गोळा करून वाटणारी आयसीपीएसआर ही अमेरिकेतली संस्था 1962 ची आणि ब्रिटनचं डेटा आर्काइव्ह 1967 चं, म्हणजे दोन्ही प्रोटीन डेटा बँकेच्या आधीची. या लोकांनी माणसांची माहिती वाटण्याची पद्धत केव्हाच बसवली आहे: काही फाइली सगळ्यांना खुल्या, काही नाव नोंदवून आणि अटी मान्य करून मिळणाऱ्या, काही परवानगी घेऊन सुरक्षित जागीच बघायच्या. मॅडमना ‘खुला’ म्हणजे फक्त पहिली पायरी वाटत असेल, तर बाकीच्या पायऱ्या त्यांना दाखवा. निम्मा विरोध तिथेच मावळतो, हा माझा अनुभव.

आता तो चौथा डेटासेट. तुमच्याकडे कुठे तरी एक एक्सेल असेल, त्यात विहीर क्रमांक, शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, जीपीएस, मातीच्या नमुन्याचा क्रमांक आणि मुलाखतीचा क्रमांक एका ओळीत आहेत. त्याला कोणी डेटा म्हणत नाही, ‘आपली मास्टर शीट’ म्हणतात. तुमच्या प्रकल्पाचं खरं मोल त्या शीटमध्ये आहे. कोणत्या विहिरीचं पाणी आटलं, त्या शेतातल्या मातीत काय बदललं आणि त्या घरात पाण्याच्या पाळीवरून काय भांडण झालं, हे तिच्यामुळेच जोडता येतं. सगळा धोकाही तिथेच आहे.

एक उदाहरण घ्या. बोअरची खोली हा शुद्ध तांत्रिक आकडा. भूजलाचा माणूस म्हणेल, यात गोपनीय ते काय? पण महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल अधिनियमात 60 मीटर आणि त्याहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत. 60 मीटर म्हणजे सुमारे 200 फूट. तुमच्या गावांत पाचशे-सहाशे फुटांचे बोअर असतील, ते काही मी सांगायला नको. आता खोली, जीपीएस आणि तारीख एका तक्त्यात खुली ठेवलीत, तर ती कोणाच्या शेतातल्या कोणत्या बोअरबद्दल आहे हे सातबारा बघून कोणीही काढू शकतो. तुमच्यावर विश्वास ठेवून ज्याने आकडा सांगितला, त्याच्याविरुद्धचा पुरावा तुम्ही कायमचा नेटवर टाकलेला असेल. मुलाखतीत तर याहून जास्त असतं. मोटर चालवायला विजेच्या तारेवर आकडा टाकतो असं कोणी बोलून गेलेलं असतं, भावाने विहिरीतला चार आणे हिस्सा कसा लाटला हे कोणी सांगितलेलं असतं.

‘नाव काढून टाकलं की झालं’ हे ऐकू येईल. होत नाही. अमेरिकेत संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी दाखवून दिलं, की पाच आकडी पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून तिथले सुमारे 87 टक्के लोक एकमेवपणे ओळखता येऊ शकतात. मॅसॅच्युसेट्सचे तेव्हाचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची वैद्यकीय नोंद त्यांनी ‘नावं काढलेल्या’ डेटातून आणि मतदार यादीतून शोधून काढली होती. आपल्या खेड्यात तर इतकंही लागत नाही. ‘साठीच्या पुढच्या, पती वारलेले, चार एकर, विहिरीत दोन दिरांचा वाटा’ एवढं वाचलं की पारावर बसलेला माणूस घर दाखवेल.

म्हणून मी अशा प्रकल्पांत विद्याशाखेनुसार फाइली वेगळ्या करतो, प्रत्येक फाइल तिच्या हक्काच्या घरी पाठवतो आणि जोडणारी किल्ली स्वतंत्र, नियंत्रित ठेवतो. तुमच्या बाबतीत ते साधारण असं होईल.

सिक्वेन्सिंगचा कच्चा डेटा सामान्य रिपॉझिटरीत झिप करून टाकू नका. सूक्ष्मजीवशास्त्रातला माणूस तो तिथे शोधणार नाही. अमेरिका, युरोप आणि जपानच्या सिक्वेन्स साठ्यांचं आपसात देवाणघेवाणीचं जाळं आहे. एका ठिकाणी दिलं की तिन्हीकडे दिसतं. आपल्याकडे फरिदाबादला इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटर 2022 मध्ये सुरू झालंय, तिथूनही देता येतं. निधी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा (डीबीटीचा) असेल तर मंजुरीच्या कागदांत डेटा कुठे द्यायचा याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा, कारण तिथे निवड तुमची नसेल. नमुन्याची जागा मात्र या साठ्यांत भरावीच लागते, आणि गडबड नेमकी इथेच होते: मुलाखतींचा डेटा जिवापाड जपलेला, आणि त्याच शेताचं जीपीएस सहा दशांशांसह सिक्वेन्सच्या नोंदीत उघडं पडलेलं. अक्षांश-रेखांशाचे चार दशांश म्हणजे सुमारे 11 मीटर, म्हणजे थेट विहिरीचा काठ. दोन दशांश ठेवले तर सुमारे एक किलोमीटर. मातीच्या सूक्ष्मजीवांसाठी दोन दशांश बहुधा पुरतात. तुमच्या तिन्ही डेटासेटमध्ये दशांश सारखेच ठेवा. एकीकडे दोन आणि दुसरीकडे पाच दशांश ठेवले तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

पाणीपातळीच्या नोंदी झेनोडोसारख्या सामान्य रिपॉझिटरीत टाका. ते युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेने 2013 मध्ये सुरू केलेलं आहे, फुकट आहे, एका नोंदीत 50 जीबीपर्यंत मावतं आणि डीओआय, म्हणजे डेटाचा कायमचा ओळख-क्रमांक, मिळतो. भूजलाच्या सरांना सांगा, की जमा करणं आणि उघडणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. फाइल आज जमा करायची, डीओआय घ्यायचा, नोंद सगळ्यांना दिसेल, फाइल मात्र ठरलेल्या तारखेला उघडेल. आधी जमा करण्याचा आग्रह मी एवढ्यासाठी धरतो, की दोन वर्षांनी तुम्ही पोस्टडॉकला गेलेल्या असाल, लॅपटॉप बदललेला असेल आणि ‘फायनल_नवीन_3’ नावाच्या फाइलमधला कोणता कॉलम खरा हे सांगायला कोणी नसेल. जर्नल दोन वर्षं मान्य करेल का, हे जर्नलवर आहे. बरीचशी जर्नलं पेपरमधल्या आलेख-तक्त्यांपुरता डेटा लगेच मागतात आणि उरलेला राखून ठेवू देतात. संपादकाला सरळ विचारा.

पावसाचे आकडे हवामान खात्याकडून किंवा जुन्या पातळ्या राज्याच्या भूजल यंत्रणेकडून घेतल्या असतील, तर त्या तुमच्या नावाने पुन्हा चढवू नका. कुठून, कोणत्या तारखेला, कोणत्या अटीवर घेतल्या ते लिहा आणि तुमचा काढलेला निष्कर्ष-तक्ता द्या.

मुलाखतींचं उत्तर तुमच्या कन्सेंट फॉर्मवर (संमतीपत्रावर) अवलंबून आहे आणि तो मी पाहिलेला नाही. त्यात ‘माहिती फक्त या संशोधनासाठी वापरली जाईल’ असं छापलं असेल (आपल्याकडच्या बहुतेक फॉर्मांत ते तसंच उचललेलं असतं), तर विषय संपला; दिलेला शब्द जर्नलच्या धोरणापेक्षा मोठा. अशा वेळी मुलाखतीचा आराखडा, विचारलेले प्रश्न, कोडिंगची चौकट (उत्तरांची वर्गवारी कशी केली ते) आणि किती मुलाखती, कोणत्या काळात झाल्या ही माहिती खुली करा. तीही फार कामाची असते. गटवार गोषवारा काढून द्यायचा असेल तर आधी एथिक्स कमिटीकडून लेखी घ्या. फॉर्ममध्ये जागा असेल तर ओळख पुसलेले उतारे नियंत्रित पद्धतीने ठेवता येतात. तुमच्या संस्थेची रिपॉझिटरी ते करते का बघा. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएसएसआरची) सामाजिक शास्त्रांसाठी डेटा सर्व्हिस आहे, तिथेही विचारून बघा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे, पण ती अटींसह आहे. ती दाखवून मॅडमना गप्प करायचा प्रयत्न करू नका.

काही गावं आदिवासी वस्त्यांची असतील तर आणखी एक गोष्ट. फेअर ही डेटा सापडावा, मिळावा, जुळावा आणि पुन्हा वापरता यावा यासाठीची तत्त्वं 2016 ची. त्यांत माणसं कुठेच नव्हती. ती उणीव भरायला 2019 मध्ये आदिवासी समूहांच्या डेटाहक्कांवर काम करणाऱ्यांनी केअर नावाची तत्त्वं मांडली. त्यांचा रोख असा, की ज्यांच्याबद्दलचा डेटा आहे त्या समूहाला त्यावर अधिकार आणि त्यातून लाभ मिळायला हवा. एका माणसाची सही पुरते का, की गावसभेत सांगायला हवं, हा प्रश्न तिथे उभा राहतो. माझ्या मते सांगायला हवं.

पुढच्या फेरीच्या मुलाखती बाकी असतील तर फॉर्ममध्ये एवढं घाला: ‘तुमचं आणि गावाचं नाव काढून हे बोलणं लिहून जपून ठेवू. पुढे दुसऱ्या अभ्यासकांना, अटी मान्य केल्यावर, ते वाचता येईल. दुसऱ्यांना द्यायला तुम्ही नाही म्हणालात तरी मुलाखत घेऊ, फक्त ती कोणाला देणार नाही.’ आणि ते वाचून दाखवा, नुसता अंगठा घेऊ नका.

मास्टर शीट कुठेच चढवायची नाही. तिच्या जागी निरर्थक क्रमांकांची एक किल्ली बनवा. विहिरींना वि-001 अशी क्रमवारी गावाच्या क्रमाने देऊ नका, पत्त्यांसारखे क्रमांक पिसून द्या. माती आणि पाणी यांची जोड खुल्या फाइलींत राहू दे, कारण तुमच्या पेपरचा दावा तपासायला ती लागेल. बोअरच्या खोलीचे गट करा: 60 मीटरच्या आत, बाहेर असे मात्र नकोत, नाही तर पुन्हा तेच. मुलाखतींशी जोडणारी किल्ली संस्थेकडे, आणि ती मागणाऱ्याला कोण परवानगी देणार हे नाव घेऊन नव्हे, पदाने लिहून ठेवा. तुम्ही कायम तिथे नसाल.

इथवर खुला-बंदचं झालं. आता जे कोणी विचारत नाही आणि ज्यात माझा निम्मा वेळ जातो ते सांगतो. वेगळ्या शाखेच्या माणसाला तुमची फाइल वाचता येईल का?

तुमच्या तक्त्यात ‘क्षेत्र’ असा कॉलम असेल आणि त्यात 2.20 लिहिलेलं असेल. शेतकऱ्याने ते ‘दोन एकर वीस गुंठे’ असं सांगितलं असेल तर ते अडीच एकर झाले, कारण 40 गुंठ्यांचा एकर. सातबारावरून घेतलं असेल तर ते दोन हेक्टर वीस आर, आणि 100 आरचा हेक्टर असल्यामुळे तिथे 2.20 हे दशांशातही बरोबर बसतं. एकाच कॉलममध्ये दोन्ही मिसळलेले मी कितीदा पाहिलेत. बेंगळुरूत बसलेला संख्याशास्त्रज्ञ त्याची सरासरी काढणार, आणि ती छानपैकी चूक येणार.

पाणीपातळी जमिनीपासून मोजली की कठड्यापासून? कठड्याची उंची वजा केली का? मोटर चालू होती का? आणि कोरड्या विहिरीपुढे काय लिहिलंय? भूजलाच्या विद्यार्थ्याने तिथे 0 लिहिलेलं असतं, त्याच्या मनात ‘पाणी शून्य’. पण कॉलमचं नाव ‘जमिनीपासून पाण्यापर्यंत खोली’ असेल तर शून्य म्हणजे पाणी काठोकाठ. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या विहिरी तुडुंब भरल्याचा निष्कर्ष संगणक विनातक्रार काढून देतो. कोरडी, मोजली नाही आणि कुलूप होतं, या तिन्हींना वेगळे शब्द हवेत.

गावांची नावंही अशीच. पिंपळगाव नावाची गावं किती आहेत हे तुम्हाला माहीत आहे. बुद्रुक-खुर्द गाळलं की गोंधळ दुप्पट. जिथे गाव उघड करणं चालणार असेल तिथे 2011 च्या जनगणनेचा गाव-कोड वापरा. नाव मराठीत एक आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये चार तऱ्हांनी लिहिलं जातं, कोड एकच राहतो.

मुलाखतींचे उतारे जुन्या फाँटमध्ये टाइप झाले असतील (टायपिंग बाहेर करून घेतलं की हमखास होतात), तर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय ते जपून ठेवण्यात अर्थ नाही. फाँट नसलेल्या मशीनवर तो निव्वळ कचरा दिसतो. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला. एक्सेलमधून सीएसव्ही काढताना यूटीएफ-8 वाला पर्याय निवडा, नाही तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते. एक्सेलचा स्वभाव तसा सगळ्यांनाच नडतो. जनुकांच्या नावांच्या तारखा होतात म्हणून 2020 मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने मानवी जनुकांपैकी काहींची नावंच बदलली. कंपनीने प्रोग्रॅम बदलण्याची वाट बघण्यापेक्षा जीवशास्त्र बदलणं सोपं गेलं म्हणायचं.

हे सगळं रीडमी फाइलमध्ये लिहा: प्रत्येक कॉलम, एकक, कसं मोजलं, रिकामं म्हणजे काय. ती तुमच्या शाखेच्या माणसाने लिहावी आणि दुसऱ्या शाखेच्या माणसाने तपासावी. मॅडमच्या विद्यार्थ्याला पाणीपातळीची फाइल द्या आणि तुमच्या पेपरमधला एक आलेख फक्त रीडमी वाचून काढायला सांगा. तो जिथे अडेल तिथे रीडमी अपुरी आहे.

लायसन्सवर फार डोकं खाजवू नका. आकड्यांना सीसी बाय (श्रेय देऊन वापरा) किंवा सीसी झिरो (कुठलीच अट नाही). ‘अव्यापारी वापरासाठीच’ हा पर्याय सुरक्षित वाटतो, पण मग शेतकरी उत्पादक कंपनीने तुमच्या पातळ्या वापरून पीक ठरवलं तर ते व्यापारी की कसं, याचं उत्तर देत बसावं लागतं. आणि एकदा खुलं केलेलं परत घेता येत नाही असं धरूनच चढवा. नोंद काढली तरी तोवर कोणी ना कोणी उतरवून घेतलेलं असतं. शंका असेल ती फाइल मागे ठेवा. नंतर उघडता येतेच.

जर्नलला द्यायचं निवेदन साधारण असं लिहा: ‘सिक्वेन्सिंगचा डेटा अमुक क्रमांकाने सार्वजनिक साठ्यात आहे. या पेपरमधल्या आलेखांचा पाणीपातळीचा डेटा अमुक डीओआयवर खुला आहे. उर्वरित नोंदी त्याच ठिकाणी जमा असून अमुक तारखेला खुल्या होतील. मुलाखतींचे उतारे सहभागींना दिलेल्या गोपनीयतेच्या हमीमुळे खुले केलेले नाहीत. प्रश्नावली आणि कोडिंगची चौकट सोबत आहे. उताऱ्यांसाठी संस्थेच्या एथिक्स कमिटीच्या सचिवांकडे अर्ज करावा.’ कन्सेंट फॉर्म अडसर असेल तर शेवटचं वाक्य गाळा. ‘मागणी केल्यास लेखकांकडून मिळेल’ हे एरवी सर्रास लिहिलं जाणारं वाक्य टाळा, संपादकांचा त्यावर आता विश्वास उरलेला नाही. एवढ्यावरही मुलाखतींसाठी आग्रह झाला, तर कन्सेंट फॉर्मची प्रत आणि एथिक्स कमिटीचं पत्र जोडून उत्तर द्या. ते पत्र मात्र आत्ताच मागून ठेवा, कमिटीची पुढची बैठक कधी असेल याचा नेम नसतो.